साताऱ्यात बसून हेंडरसन फील्डचा युद्धेतिहास कसा लिहावा

दिवाळी अंकासाठी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेसाठी किंवा महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी दुसऱ्या महायुद्धावर काही लिहायचे ठरले, की आपल्याकडचा लेखक बहुधा अख्खे युद्धच कवेत घ्यायला निघतो आणि पर्ल हार्बरपासून हिरोशिमापर्यंतच्या सनावळ्या मांडून मोकळा होतो. त्यापेक्षा एकच जागा निवडावी आणि तिला धरून राहावे. पॅसिफिकमधील लढायांत अनेक बेटांना महत्त्व आले ते तेथील विमानतळांमुळे किंवा विमानतळ होऊ शकेल अशा सपाट जमिनीमुळे. त्यामुळे एका धावपट्टीचा इतिहास बारकाईने लिहिणे हा या युद्धात शिरण्याचा चांगला दरवाजा आहे.

या लेखात सॉलोमन बेटांपैकी ग्वादालकॅनाल बेटावरील हेंडरसन फील्ड हे उदाहरण घेतले आहे. नवख्या अभ्यासकाला ते झेपण्यासारखे आहे, कारण त्याचा मुख्य कालखंड आटोपशीर आहे. अमेरिकी मरीन सैनिक ७ ऑगस्ट १९४२ रोजी बेटावर उतरले आणि ९ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील लढाई संपल्याचे जाहीर झाले. या सहा महिन्यांचे अमेरिकी भूदल, नौदल आणि मरीन कोर यांचे अधिकृत इतिहास इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. सातारा, कोरेगाव किंवा वडूज येथे घरी बसून हे काम होऊ शकते; त्यासाठी एक वही, एक मोजपट्टी आणि इंग्रजी वाचण्याची चिकाटी एवढेच लागते.

सामग्री अफाट असल्यामुळे सुरुवातीलाच एक प्रश्न ठरवून घ्यावा आणि प्रत्येक घटना त्याच प्रश्नावर पारखावी. माझ्या मते तो प्रश्न असा असावा: या घटनेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी या धावपट्टीवरून किती विमाने उडू शकत होती? शौर्यकथा वाचायला रंगतदार असतात, पण धावपट्टीचे भवितव्य ठरते ते मुरूम, इंधन, सुटे भाग आणि घड्याळ यांवर. हा प्रश्न हाताशी असला, की काय ठेवावे आणि काय गाळावे याचा निवाडा करणे सोपे जाते.

आधी नकाशा आणि मोजपट्टी

लिहायला बसण्यापूर्वी अंतरे आपल्या ओळखीच्या मापात बसवून घ्यावीत. ग्वादालकॅनालचे क्षेत्रफळ सुमारे ५,३०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या साधारण निम्मे. बेटाच्या दक्षिणेकडे उंच डोंगर आहेत आणि उत्तर किनाऱ्यावर लुंगा नदीच्या मुखाजवळ नारळाच्या बागा व उंच गवताची सपाट जमीन आहे. विमानतळ तेथेच का झाला, हे नकाशा पाहताच ध्यानात येते.

जपानचा या भागातील मोठा तळ न्यू ब्रिटन बेटावरील रबौल येथे होता. जपानने ते जानेवारी १९४२ मध्ये घेतले होते. रबौल ते ग्वादालकॅनाल हे अंतर सुमारे १,०५० किलोमीटर भरते. साताऱ्याहून जयपूर सरळ रेषेत जवळपास तेवढेच आहे. म्हणजे जपानी वैमानिकाने सकाळी साताऱ्याहून निघावे, दुपारी जयपूरवर काही मिनिटे लढावे आणि उरलेल्या इंधनावर पुन्हा साताऱ्याला यावे, असा तो रोजचा प्रवास होता. मध्ये उतरण्याजोगा सुसज्ज तळ पहिल्या काही आठवड्यांत नव्हता. झीरो या जपानी लढाऊ विमानाच्या एका नव्या प्रकाराचा पल्ला तर इतका कमी होता, की रबौलहून ते ग्वादालकॅनालपर्यंत जाऊन परत येऊच शकत नव्हते. हल्ले बहुधा दुपारच्या सुमारास का होत, जखमी विमाने परत का पोहोचत नसत आणि अमेरिकी वैमानिक मात्र पॅराशूटने उतरून पुन्हा आपल्या तळावर कसे येऊ शकत, या तिन्ही गोष्टी या एका अंतरातून उलगडतात.

येथे एक खबरदारी घ्यावी. जुन्या नोंदींत मैल कधी जमिनीवरचा असतो, तर कधी सागरी. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि जमिनीवरचा १.६०९ किलोमीटरचा. नौदलाच्या अहवालातील आकडा साध्या मैलाच्या हिशेबाने बदलला, तर हजार किलोमीटरमागे सव्वाशेहून अधिक किलोमीटरची तूट येते.

धावपट्टीच्या लांबीचेही असेच करावे. १८ ऑगस्ट १९४२ पर्यंत हेंडरसन फील्डची पट्टी सुमारे ३,८०० फूट, म्हणजे ११५० मीटरहून थोडी अधिक, लांब झाली होती. कोयना प्रकल्पासाठी १९५५ मध्ये कराडला बांधलेली धावपट्टी सुमारे १,२८० मीटरची आहे. सातारा जिल्ह्यातील वाचकाला नुसते फूट सांगण्यापेक्षा, कराडच्या धावपट्टीहून थोडी आखूड, खाली डांबर नाही आणि पावसात चिखल, असे सांगावे.

तारखांची वही

वहीत प्रत्येक पानावर चार रकाने आखावेत: तारीख, काय घडले, ही माहिती कोणत्या बाजूची, आणि दुसऱ्या दिवशी धावपट्टीची स्थिती काय होती. पहिल्या पानांवरील नोंदी साधारण अशा होतील. मे १९४२ च्या आरंभी जपानने जवळचे तुलागी बेट घेतले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जपानी बांधकाम तुकड्या लुंगाच्या मैदानात उतरल्या. ७ ऑगस्टला जनरल अलेक्झांडर व्हँडेग्रिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली पहिली मरीन डिव्हिजन उतरली आणि दुसऱ्याच दिवशी अर्धवट विमानतळ तिच्या हाती आला. ८ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी नौदलाने दोस्तांच्या चार जड क्रूझर बुडवल्या. परिणामी माल उतरवणारी जहाजे ९ तारखेला निघून गेली आणि बरीचशी यंत्रसामग्री व अन्नधान्य त्यांच्याबरोबरच परत गेले. १२ ऑगस्टला कॅटलिना जातीचे एक अमेरिकी टेहळणी विमान या पट्टीवर उतरले. २० ऑगस्टला लाँग आयलंड या छोट्या विमानवाहू जहाजावरून १९ वाइल्डकॅट लढाऊ विमाने आणि १२ डाँटलेस बाँबफेकी विमाने, अशी एकूण ३१ विमाने आली. चौथ्या रकान्यात शून्याच्या जागी खरा आकडा येतो तो त्या दिवशी.

तारखा आणि वेळा लिहिताना घोटाळा होण्याची शक्यता मोठी असते. जपानी नौदलाच्या नोंदी टोकियोच्या वेळेनुसार आहेत आणि ती वेळ ग्वादालकॅनालच्या आजच्या स्थानिक वेळेपेक्षा दोन तासांनी मागे आहे. बेट आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पश्चिमेला असल्यामुळे हवाई किंवा वॉशिंग्टन येथील कागदांत तीच घटना कधीकधी आदल्या दिवसाच्या तारखेखाली सापडते. मध्यरात्रीच्या आसपासच्या लढायांबाबत तर हे हमखास होते. सर्व वेळा बेटाच्या वेळेत बदलून घ्याव्यात आणि मूळ आकडा कंसात ठेवावा. लेख छापताना कंस काढून टाकता येतात.

मातीचे काम

माझ्या दृष्टीने या इतिहासाचा गाभा येथे आहे, आणि बहुतेक लेखांत नेमका हाच भाग दोन ओळींत उरकलेला असतो. जपानी बांधकाम तुकड्या, ज्यांत कोरियन मजूरही होते, धावपट्टी दोन्ही टोकांकडून मध्याकडे आणत होत्या. अमेरिकी सैनिक पोहोचले तेव्हा मध्ये सुमारे दोनशे फुटांचा तुकडा भरायचा राहिला होता. अमेरिकी अभियंत्यांची बरीच यंत्रे जहाजांबरोबर निघून गेल्यामुळे त्यांनी जपान्यांनीच मागे टाकलेले रोड रोलर, ट्रक आणि माती वाहणाऱ्या डब्यांची छोटी इंजिने वापरून ते काम पुरे केले. सैनिक दोन वेळांवर भागवत होते आणि त्यातही हाती लागलेला जपानी तांदूळ होता. मिडवेच्या लढाईत ४ जून १९४२ रोजी मारले गेलेले मरीन वैमानिक मेजर लॉफ्टन हेंडरसन यांचे नाव या विमानतळाला दिले गेले.

१ सप्टेंबरला नौदलाची सहावी बांधकाम बटालियन आली. या दलातील लोकांना सीबी म्हणत. त्यांच्याकडे शिकलेले कारागीर होते आणि त्यांच्या कामाची पद्धत लेखात तपशिलाने सांगण्याजोगी आहे. एका बाँबने पडणाऱ्या खड्ड्यात नेमका किती माल लागतो हे त्यांनी मोजून ठेवले होते. तेवढी वाळू आणि खडी भरलेले ट्रक पट्टीच्या कडेला उभे असत, आणि खड्ड्यावर अंथरण्याच्या पोलादी पत्र्यांचे गठ्ठेही तयार असत. बाँबफेक थांबताच, अजून काही विमाने आकाशात घिरट्या घालत असतानाच, ट्रक धावपट्टीवर शिरत. पाचशे पौंडी बाँबचा खड्डा बुजवून वर पत्रा पुन्हा बसवायला शंभर माणसांना चाळीस मिनिटे लागत. उतरण्यासाठी वर थांबलेल्या अमेरिकी वैमानिकाच्या टाकीत तेवढ्या वेळेपुरते इंधन उरले आहे का, हा प्रश्न तेव्हा जिवाचा होत असे.

पत्र्याचाही हिशेब करून पाहावा. मार्स्टन मॅट नावाचा हा भोके पाडलेला पोलादी पत्रा १० फूट लांब आणि १५ इंच रुंद असे. त्याचे वजन ६६ पौंड, म्हणजे सुमारे ३० किलो. धावपट्टी १५० फूट रुंद धरली, तर शंभर फूट लांबीसाठी १,२०० पत्रे लागतात आणि त्यांचे वजन ३६ टन होते. हे सगळे वजन समुद्रमार्गे आणायचे, धक्का नसलेल्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि मग हाताने अंथरायचे. असा एक हिशेब लेखात असला, की वाचकाला पुरवठा या कोरड्या शब्दाचे वजन समजते. मुख्य पट्टीच्या पूर्वेला फायटर वन ही गवती पट्टी सप्टेंबरमध्ये तयार झाली. लढाऊ विमानांचा भार तिकडे गेला आणि मुख्य पट्टी दुरुस्तीला थोडी मोकळी झाली, एवढे नोंदवून पुढे जावे.

इंधन, आणि १३ ऑक्टोबरची रात्र

लेखात एकच प्रसंग विस्ताराने रंगवायचा असेल, तर १३ ऑक्टोबरची रात्र घ्यावी. कोंगो आणि हारुना या दोन जपानी युद्धनौकांनी तासाहून अधिक काळ विमानतळावर १४ इंची तोफांचे ९७३ गोळे टाकले. ४१ माणसे मेली. तळावरच्या ९० विमानांपैकी ४८ नष्ट झाली आणि विमानांचे जवळजवळ सगळे इंधन जळून गेले. आपला ठरलेला प्रश्न येथे विचारला, की उत्तर दोन पायऱ्यांत येते: शाबूत विमाने ४२ होती, पण त्यांच्यात घालायला पेट्रोल नव्हते. तुटलेल्या मोठ्या बाँबफेकी विमानांच्या टाक्यांतून इंधन काढले गेले, इकडेतिकडे दडवून ठेवलेली पिंपे शोधली गेली आणि मालवाहू विमानांनी आणखी पिंपे आणली.

एका वाइल्डकॅटच्या टाकीत १४४ गॅलन, म्हणजे सुमारे ५४५ लिटर पेट्रोल मावते आणि एका पिंपात ५५ गॅलन असते. एक विमान भरायला अडीचहून अधिक पिंपे लागत आणि सुरुवातीच्या आठवड्यांत ती हातपंपाने उपसावी लागत. डझनभर विमाने एकदा उडवायची म्हणजे तीसहून अधिक पिंपे. आपल्याकडे १६९९-१७०० मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला त्या प्रसंगाचा अभ्यास केलेल्याला हे नवे वाटणार नाही. तट कितीही भक्कम असला तरी कोठारातील दाणे आणि दारू यांच्यावर दिवस मोजले जातात.

उलट बाजूचा हिशेबही याच पानावर मांडावा, नाहीतर लेख एकतर्फी होतो. दिवसा हेंडरसनची विमाने आसपासच्या समुद्रावर हुकमत ठेवत, म्हणून जपानला आपली माणसे रात्री वेगवान विनाशिकांतून उतरवावी लागत आणि उजाडण्यापूर्वी त्या विनाशिकांना विमानांच्या पल्ल्याबाहेर जावे लागे. विनाशिकेत माणसे मावतात, पण जड तोफा आणि महिन्याचे धान्य मावत नाही. नोव्हेंबरच्या मध्यास जपानने अकरा वाहतूक जहाजांचा ताफा पाठवून पाहिला, तेव्हा हेंडरसन आणि एंटरप्राइझ या विमानवाहू जहाजावरच्या विमानांनी दिवसाउजेडी त्याची दैना केली. चारच जहाजे किनाऱ्याला लागली. त्याच्या आदल्या दिवशी रात्रीच्या चकमकीत लुळी पडलेली हिएई ही जपानी युद्धनौका याच धावपट्टीवरून पुन्हा पुन्हा आलेल्या विमानांच्या तडाख्यात सापडली आणि बुडाली. पुढे बेटावरचे जपानी सैनिक गोळ्यांपेक्षा भूक, हिवताप आणि आमांश यांनी अधिक मेले. फेब्रुवारी १९४३ च्या पहिल्या आठवड्यात उरलेल्या दहा हजारांहून अधिक सैनिकांना जपानने रात्रीच्या रात्री काढून नेले, आणि ते काम इतक्या शिताफीने केले, की अमेरिकी बाजूला त्याचा उलगडा उशिरा झाला.

आकडे, नावे आणि दावे

हवाई लढाईतील पाडलेल्या विमानांचे आकडे कधीही एका बाजूच्या कागदावरून घेऊ नयेत. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या तर तिघेही ते आपल्या नावावर मांडतात, आणि धूर सोडत खाली गेलेले विमान ढगाखालून घरी निघूनही जाते. हा खोटेपणा नव्हे, लढाईच्या गडबडीचा परिणाम आहे. म्हणून लिहिताना शत्रूची इतकी विमाने पाडली असे न लिहिता, इतकी पाडल्याचा दावा केला असे लिहावे आणि दुसऱ्या बाजूची स्वतःच्या नुकसानीची नोंद शेजारी द्यावी. स्वतःचे किती गमावले याची नोंद बहुधा अधिक विश्वासार्ह असते, कारण दुसऱ्या दिवशीची हजेरी घ्यावीच लागते.

नावांचेही तसेच. २१ ऑगस्टच्या पहाटे जपानी कर्नल इचिकी यांच्या सुमारे ९०० सैनिकांपैकी आठशेच्या आसपास ज्या ओढ्याकाठी मेले, ती लढाई तेनारूची लढाई म्हणून ओळखली जाते. पण मरीन सैनिकांच्या नकाशावर नद्यांची नावे चुकलेली होती आणि प्रत्यक्ष लढाई इलू नदीच्या मुखाशी झाली. दोन्ही नावे वहीत ठेवावीत आणि लेखात एकच वापरावे. आदल्या संध्याकाळी आलेली विमाने त्या सकाळी उडाली आणि त्यांनी किनाऱ्यावरच्या उरलेल्या सैनिकांवर मारा केला, ही नोंद चौथ्या रकान्यात जाईल.

बेटावर माणसे राहत होती, हे विसरू नये. नारळाच्या बागा, गवत आणि दोन सैन्ये एवढेच वर्णन करणारे लेख पुष्कळ आहेत. सॉलोमन बेटे तेव्हा ब्रिटिश संरक्षित प्रदेश होती. मार्टिन क्लेमेन्स हे ब्रिटिश अधिकारी स्थानिक पोलिसांसह डोंगरात राहून जपानी हालचालींच्या बातम्या रेडिओवर पाठवत. निवृत्त पोलीस जेकब वूझा यांना जपानी सैनिकांनी पकडून बांधले, संगिनींनी भोसकले, तरी त्यांनी माहिती दिली नाही आणि दोर तोडून ते मरीन छावणीपर्यंत पोहोचले. बुगनव्हिल बेटावर पॉल मेसन आणि जॅक रीड हे पहारेकरी जपानी विमाने डोक्यावरून जाताना मोजून कळवत. ही सूचना हल्ल्याच्या सुमारे दोन तास आधी मिळे. वाइल्डकॅटला बाँबफेकी विमानांच्या वर चढायला पाऊण तासाच्या आसपास लागे, त्यामुळे ही सूचना नसती तर वरचा सगळा हिशेब कोलमडला असता.

घरातली पदके

सातारा जिल्ह्यात हा विषय काढला, की कोणीतरी आजोबांचे पदक घेऊन येतोच. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर प्रत्येक पिढीचे सैनिक आहेत. येथे जपून वागावे. ग्वादालकॅनालच्या लढाईत भारतीय तुकड्या नव्हत्या. पदकावर पॅसिफिक स्टार असे लिहिलेले असले, तरी त्यावरून आजोबा बेटांवर लढले असा निष्कर्ष निघत नाही, कारण १९४१-४२ मध्ये मलाया आणि हाँगकाँग येथे लढलेल्यांनाही ते पदक मिळत असे. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मागे बहुधा क्रमांक, नाव आणि तुकडी कोरलेली असते. भिंगाने वाचून ते उतरून घ्यावे आणि शोध त्या तुकडीपासून सुरू करावा. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या भारतीय सैनिकांपैकी अनेकांना जपानने मजूर म्हणून न्यू गिनी आणि न्यू ब्रिटन येथे नेले होते, हे मात्र खरे आहे. एखाद्या घरी रबौल किंवा वेवाक हे नाव ऐकू आले, तर ती स्वतंत्र आणि मोठी गोष्ट आहे. ती या लेखात कोंबू नये, वेगळी वही घालावी.

छायाचित्रे आणि लेख कोठे थांबवावा

छायाचित्रे निवडताना एक सापळा टाळावा. मिडवे बेटावरील विमानतळालाही त्याच मेजर हेंडरसन यांचे नाव आहे, त्यामुळे हेंडरसन फील्ड अशी ओळ असलेले चित्र ग्वादालकॅनालचेच असेल असे नाही. मागे डोंगररांग आणि नारळाची झाडे दिसतात का ते पाहावे. मिडवे हे सपाट प्रवाळबेट आहे, तेथे डोंगर दिसणार नाहीत. चित्राखालच्या ओळीत महिना असेल तर तो वहीतल्या चौथ्या रकान्याशी ताडून पाहावा. ऑगस्ट १९४२ च्या म्हणून दिलेल्या चित्रात पट्टीभर पोलादी पत्रा दिसत असेल, तर तारीख चुकली आहे असे खुशाल समजावे.

लेख ९ फेब्रुवारी १९४३ ला थांबवणे सोयीचे असले तरी थोडे पुढे जावे. १८ एप्रिल १९४३ रोजी जपानी नौदलाचे सेनापती ॲडमिरल यामामोतो यांचे विमान पाडणारी अमेरिकी लाइटनिंग लढाऊ विमाने याच परिसरातील दुसऱ्या पट्टीवरून, फायटर टूवरून, उडाली होती. युद्धानंतर अमेरिकी छावणीच्या जागेवर होनियारा हे राजधानीचे शहर वाढले, १९७८ मध्ये सॉलोमन बेटे स्वतंत्र झाली आणि हेंडरसन फील्ड हा देशाचा मुख्य विमानतळ बनला. २००३ मध्ये त्याचे नाव होनियारा आंतरराष्ट्रीय विमानतळ असे झाले. उपग्रहचित्रात जागा पाहायची असेल तर शोध याच नावाने घ्यावा आणि धावपट्टीच्या दक्षिणेकडची टेकडीही पाहून ठेवावी. सप्टेंबर १९४२ मध्ये मरीन कर्नल एडसन यांच्या सैनिकांनी जपानी सेनानी कावागुची यांच्या तुकड्यांना जेथे अडवले, ती हीच टेकडी. धावपट्टीपासून ती किती जवळ आहे हे मोजून तो आकडा लेखात द्यावा. बेटावर त्या काळचे न फुटलेले बाँब आणि गोळे अजूनही जमिनीत सापडतात आणि त्यांनी माणसे दगावतात, ही नोंद शेवटच्या परिच्छेदात असावी.